टाचणवहीतली नऊ पानं

बाळांनो, तुम्ही मराठी सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि वाक्यं लहान ठेवते आहे. मागच्या रविवारी माझ्याशी फोन चालू असताना तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं, "आजी जालन्यात बुक क्लब चालवते." तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्यात. त्या ऐकून मला अवघडल्यासारखं झालं. म्हणून हे लिहिते.

माझ्यासमोर टेबलावर एक टाचणवही आहे. वर्गात काय शिकवायचं ते शिक्षक आधी या वहीत लिहून ठेवतात आणि मुख्याध्यापक त्याखाली सही करतात. मी मुलींच्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा अशा वह्या ढिगानं भरल्या. ही वही माझी नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावच्या एका शाळेतून आली आहे. पण आतलं अक्षर माझं आहे.

तुमच्या आजोबांची उजवी बाजू गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी मस्तगडातल्या या तीन खोल्यांतच आहे. दूध, भाजी, औषधं दारात येतात. आजोबांच्या उशाशी एक पितळी पेला असतो. काही हवं असलं की ते डाव्या हातानं तो खाटेच्या दांडीवर वाजवतात. दोनदा म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे कूस बदलायची. थांबतच नाही तेव्हा त्याचा अर्थ, मी कुठे गेले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाय ठेवला की तो तसा वाजायला लागतो. पायऱ्या मोजल्या आहेत म्हणून सांगते.

मला बाहेर जाता येत नाही, म्हणून मी माणसं आत बोलावली. आपल्याकडे पोथी लावतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, रोज एक अध्याय. आम्ही तशी कादंबरी लावतो. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच. आठ जणी. पाळीपाळीनं वाचतो आणि मग त्यावर भांडतो. सगळ्यांत चांगलं वाचतात त्या सिस्टर. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, म्हणून सगळ्या त्यांना सिस्टरच म्हणतात. वर्षावासात विहारामध्ये ग्रंथवाचन करून त्यांचा आवाज असा तयार झाला आहे की खालच्या गल्लीतला माणूसही थांबतो.

नियम मी घातले. पुढचं पान कुणी आधी वाचायचं नाही. पुस्तक घराबाहेर जाणार नाही, कारण आमचं पहिलं पुस्तक एकीच्या नणंदेकडे गेलं ते गेलंच. गुरुवार चुकला तर इथे येऊन, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून, चुकलेला भाग आपला आपण वाचायचा. दुसरीनं तो सांगायचा नाही. आणि शेवट तर कुणी कुणालाच सांगायचा नाही. हजेरीचं रजिस्टरही ठेवलं होतं. सिस्टर म्हणायच्या, "बाई, तुमची शाळा सुटली, पण तुम्ही काही शाळेतून सुटल्या नाहीत."

हजेरीत आठवा नंबर ज्या मुलीचा होता, तिची ही हकीकत. मुलगी म्हणते, पण ती तिशीची आहे आणि तिची लेक पहिलीत आहे. तीन गल्ल्या पलीकडे तिच्या सासरचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, दुकानावर घर. मंडळी मूळची टेंभुर्णीची, शेती अजून तिथेच. लेकीच्या शाळेच्या डायरीत इंग्रजीत काहीतरी लिहून आलं होतं, त्याचा अर्थ विचारायला ती एका गुरुवारी माझ्याकडे आली. सिस्टर वाचत होत्या. ती डायरी हातात धरून दारातच उभी राहिली, ती वाचन संपेपर्यंत.

त्या वेळी एक जुनी कादंबरी लावली होती. एक बाई तालुक्याच्या गावी पोस्टात काम करत असते. नवऱ्याच्या बदलीचा हुकूम तिच्याच हातात पडतो. तिला ते गाव सोडायचं नसतं. ती तो लिफाफा घरी नेऊन तांदळाच्या डब्यात दडवते. तिथे आम्ही थांबलो.

"मंग?" दारातून आवाज आला. "देती का नवऱ्याला?"

"पुढच्या गुरुवारी कळेल," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ती अडीचलाच आली. म्हणाली, "बाई, घरी म्या इंग्रजी शिकायला चालले म्हणून सांगितलंय. कोणी इचारलं तर हो म्हणा."

"खोटं कशाला? वाचायला जाते म्हण."

"गोष्टी वाचायला? भरदुपारी? आत्याबाई म्हणतील, घरातलं काम सरलं का सगळं?" आत्याबाई म्हणजे तिची सासू. "इंग्रजीला कोणी न्हाई म्हणत न्हाई बघा."

सिस्टर म्हणाल्या, "अगं, पोथीला चालले म्हणायचं."

"मंग तर आत्याबाईच पुढं येऊन बसतील!"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हो म्हणाले. मनाला बरं वाटावं म्हणून मी तिला दर गुरुवारी अडीच ते तीन इंग्रजी शिकवायला लागले. म्हणजे अगदीच खोटं नको. भाज्यांची नावं, वारांची नावं, पाच-सहा वाक्यं. तिचं लक्ष घड्याळाकडे असे. तीन वाजले की पुस्तकातून मान वर करी.

वाचनाच्या वेळी मात्र ती वेगळी बाई होती. एकदा आम्ही सगळ्या त्या पोस्टातल्या बाईच्या अपराधी मनाबद्दल मोठं मोठं बोलत होतो. ही म्हणाली, "रोज तांदूळ काढताना कागद हाताला लागत आसंल. मंग ती भाकरीच करत आसंल. नवरा म्हणत आसंल, भात का न्हाई करत?" कुणालाच हे सुचलं नव्हतं. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात असं बोलणाऱ्या मुली मला हाताच्या बोटांवर मोजता येतील.

होळीच्या आधी एका दुपारी तिची सासू जिना चढून आली. साठीची, ताठ बाई, डोक्यावर पदर. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, सून काय शिकून राह्यली ते कळू द्या आम्हाला. शाळेत कसं कार्ड देतात, तसं लिहून द्या. टेंभुर्णीच्या पुतण्याला दाखवायचंय. त्याला इंग्रजी येतं."

माझ्या कपाटात जुन्या शाळेची कोरी प्रगतिपुस्तकं शिल्लक होती. तेव्हाच सांगायला हवं होतं की अशी कार्डं मी देत नाही. पण मी एक कार्ड काढलं आणि चष्मा लावला. खरं लिहायचं तर 'साधारण' लिहायला हवं होतं. तो शब्द माझ्या हातून उतरेना. माझ्याकडे शिकणारी मुलगी साधारण कशी? वाचन, उत्तम. उच्चार, उत्तम. लेखन, चांगलं. खाली शेऱ्याचा रकाना रिकामा दिसत होता, आणि रिकामा रकाना मला आयुष्यात कधी सोडता आला नाही. तिथे मी सुंदर इंग्रजीत लिहिलं, की ही लहान मुलांना उत्तम शिकवू शकेल. तारीख घातली, सही केली.

तीन आठवड्यांनी ती मुलगी आली ती वाचनाला बसलीच नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही काय लिहून दिलं?"

टेंभुर्णीच्या त्या पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली होती. तोच मुख्याध्यापक. त्याला पहिलीला बाई हवी होती आणि गावात टिकणारं कुणी मिळत नव्हतं. कार्ड वाचून तो म्हणाला, घरातलीच आहे, बाहेरची कशाला शोधायची? ठरलं. जूनपासून तिनं गावातल्या घरी राहायचं, लेकीला तिथल्याच शाळेत घालायचं, नवरा दुकान सांभाळायला जालन्यातच राहील आणि रविवारी येईल.

"तुला जायचं आहे का?" मी विचारलं.

"मला कोणी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "अन् न्हाई म्हणायचं तर सांगावं लागतं, की मला इंग्रजी येत न्हाई. मंग इचारतील, सहा महिने तिथं काय करत होती?"

सिस्टर पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे वडील केदारखेड्याचे. म्हणाल्या, "बाई, आमच्या बापानं आम्हाला शिकवायला गाव सोडलं. अन् तुम्ही शिकवलेल्या पोरीला परत गावाकडं धाडून राह्यल्या."

आजोबांचा पेला दोनदा वाजला, आणि खरं सांगते, उठायला कारण मिळालं म्हणून मला हायसं वाटलं.

मी खरं सांगायचं ठरवलं. मला तिच्या घरी जाता येत नव्हतं, म्हणून सासूलाच निरोप पाठवला. ती आली. मी चहा ठेवला नाही. आधी बोलून घ्यायचं होतं.

"आक्का, ते कार्ड खोटं आहे. तुमची सून इथे गोष्टी ऐकायला येते. इंग्रजी तिला पहिलीच्या मुलीएवढंच येतं. चूक माझी आहे."

बाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "पहिलीलाच तर शिकवायचंय."

"आक्का, हसण्याची गोष्ट नाही."

"म्या कुठं हसून राह्यले? भावकीत सगळ्यांना सांगून बसले म्या. सून मास्तरीण होणार म्हणून. आता जीभ मागं घेऊ? ती गोष्टी ऐकायला जात होती म्हणून सांगू? तुमच्या हातानं लिहिलं तुम्ही. आता तसं करून द्या. जूनपर्यंत येळ हाय."

"तिला जायचं नसेल तर?"

"मला बी म्हैस सोडून जालन्याला यायचं नव्हतं," ती म्हणाली. "आता चहा टाका."

त्या दिवसापासून ती मुलगी रोज यायला लागली. दुपारी दोन ते पाच, सोबत सासू. गोष्टी बिलकुल बंद, असं सासूनं बजावलं होतं. मी तिला आतल्या खोलीत, आजोबांच्या खाटेशेजारच्या टेबलावर बसवून शिकवू लागले. पहिलीचं पुस्तक, कविता, वर्गात बोलायची वाक्यं. सासू बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या स्टुलावर बसून राही.

गुरुवारी बाहेर वाचन चाले. आवाज नको म्हणून मधलं दार लावलेलं. सिस्टरचा सूर ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. बाहेर एकदम सगळ्या हसल्या की टेबलावरची पेन्सिल थांबायची. मी म्हणायची, "पुढचं वाक्य." ती पुढचं वाक्य म्हणायची. मीही आतच होते. मी उभं केलेलं मंडळ दाराच्या पलीकडे, आणि रजिस्टरमध्ये मी माझ्या नावापुढे गैरहजर लिहीत होते. आजोबा आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत पडलेले असायचे.

सासू पहिल्या गुरुवारी वाचनाकडे पाठ करून बसली. दुसऱ्या गुरुवारी तिनं सिस्टरला विचारलं, "कागद कशात ठेवला म्हणली ती?" तिसऱ्या गुरुवारी ती ओटीत भाजलेल्या शेंगा घेऊन आली आणि सगळ्यांना वाटल्या. एप्रिल संपेपर्यंत ती पुढच्या रांगेत होती.

मी एकदा दारात गाठून म्हणाले, "आक्का, गोष्टी बंद होत्या ना?"

"तिच्या बंद. मला कोण इचारणार? म्या काय कोणाची सून हाय का आता?"

आत तिची सून हे ऐकत होती. वहीत एक ओळ लिहून खोडली, एवढंच मी पाहिलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी कादंबरी संपली. शेवटची नऊ पानं सिस्टरनी वाचली. संपल्यावर बाहेर कुणी बोलेना. मी आतून ती शांतता ऐकली. मी कादंबरी पूर्वी वाचलेली होती, त्यामुळे त्या का गप्प आहेत ते मला कळलं. मुलीला कळलं नाही.

"बाई, दिलं का तिनं पत्र?" तिनं हळूच विचारलं.

"चुकलेला भाग आपला आपण वाचायचा," मी म्हणाले. "शनिवारी जरा लवकर ये, स्टुलावर बसून निदान शेवटची नऊ पानं वाच. अर्ध्या तासाचं काम आहे."

शनिवारी ती आली ती निरोप घ्यायलाच. खाली दुकानाची पिकअप सामान भरून उभी होती, लेक पुढच्या सीटवर बसलेली. सासू जिन्यात उभी. मुलगी माझ्या पाया पडली आणि खाली वाकलेली असतानाच म्हणाली, "आता तर सांगा."

एका वाक्याचं काम होतं. दिलं किंवा दिलं नाही. जिन्यातून सासू ओरडली, "चल जल्दी, ऊन चढून राह्यलं." आणि मी, तुमची शिस्तीची आजी, म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

ती उठली आणि गेली. मी तिच्या मागे निघाले. चौथ्या पायरीवर पेला वाजायला लागला. मी परत फिरले.

सिस्टर त्यानंतर दोन गुरुवार माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग म्हणाल्या, "मोबाइलवर फोटो काढून धाडा ना ती पानं." पण टेंभुर्णीच्या त्या घरात मोबाइल एकट्याचा कुणाचाच नसतो. जावांची मुलं दिवसभर तो घेऊन बसतात. सुनेच्या मोबाइलवर कादंबरीची पानं आली हे जेवणाआधी अख्ख्या भावकीला कळलं असतं.

मग तिचा फोन आला. घाबरलेली होती. शाळेत टाचणवही लिहावी लागते, दर सोमवारी मुख्याध्यापक तपासतात, आणि तिला ती लिहिता येत नव्हती. "बाई, महिनाभराचं लिहून धाडाल का? म्या त्यावरून शिकते." रविवारी तिचा नवरा कोरी वही माझ्या दारात देऊन गेला. पुढच्या रविवारी घेऊन जाणार होता.

मी महिनाभराचे पाठ लिहिले. प्रत्येक पानावर वर्ग, विषय, उद्दिष्ट, साहित्य. वहीची बरीच पानं शिल्लक राहिली. कपाटातून कादंबरी काढली. पुस्तक घराबाहेर जाणार नाही, हा नियम मी मोडला नाही. वहीच्या मागच्या पानांवर मी वर नेहमीसारखे रकाने भरले, वर्ग पहिली, विषय इंग्रजी, आणि त्याखाली शेवटचा भाग उतरवायला घेतला. शब्दाला शब्द, नऊ पानं. चार दिवस लागले. रविवारी तिच्या नवऱ्यानं वही घेतली, दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "लई कष्ट घेता बाई तुम्ही आमच्यासाठी."

काल ती वही परत आली, पुढच्या महिन्याचे पाठ लिहायला. आधी मी पाठ पाहिले. प्रत्येक पानाखाली मुख्याध्यापकांची सही, लाल शाईत 'पाहिले' आणि शाळेचा गोल शिक्का. मग मागची पानं उघडली. तिथेही तसंच होतं. नऊच्या नऊ पानांवर सही, 'पाहिले', शिक्का. ती बाई तांदळाच्या डब्यात हात घालते, त्या पानावर त्यांनी वेगळा शेरा दिला आहे, 'अक्षर सुंदर'.

वहीच्या कव्हरच्या आत एक घडी केलेला कागद होता. पेन्सिलीनं लिहिलेला.

"बाई, वाचलं. दोनदा वाचलं. आधी वाटलं, म्या असते तर पहिल्याच दिवशी पत्र देऊन टाकलं असतं. मंग वाटलं, न्हाई. म्या बी दडवलंच होतं की. इथं पोरं चांगली हायेत. दुपारी शाळा सुटल्यावर घरी गोष्टीचं कोणी बोलाया न्हाई. पुढची गोष्ट लावली का? आत्याबाईंना सांगू नका."

आज गुरुवार. आत्ताच सगळ्या गेल्या. इतके दिवस छोट्या कथा वाचल्या, आज नवी कादंबरी लावली. सासू येते अजून. आठव्या नंबरच्या जागी बसते, रजिस्टरमध्ये तिच्या सुनेच्या नावाखाली मी तिचं नाव लिहिलं आहे. आज शेंगा सोलता सोलता सगळ्यांना सांगत होती, "पोरीनं फोनवर इचारलं मला, शेवटी काय झालं म्हणून. लई इचारलं. म्या न्हाई सांगितलं. बाईंचा नियम म्हंजे नियम."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. टाचणवही वर्तमानपत्राखाली होती. मी हजेरी घेतली.

आता पाच वाजून गेलेत. पुढच्या महिन्याचे पाठ काल रात्रीच सहा पानांत बसवले आहेत, जरा दाटीनं. बाकीची पानं आखून ठेवली, प्रत्येकावर वर्ग पहिली, विषय इंग्रजी. आजच्या वाचनातलं पहिलं पान उतरवायला घेणार, एवढ्यात पेला दोनदा वाजला. पाणी देऊन येते.